मोठा कलावंत, थोड्या तबकड्या

१. प्रश्न

बीड जिल्ह्यात पखवाजाचा विषय निघाला की अंबाजोगाई तालुक्यातल्या आपेगावचे नाव येतेच. पखवाजवादक शंकरबापू आपेगावकर या गावचे. १९८६ साली त्यांना पद्मश्री मिळाली; त्यांचे चिरंजीव उद्धवबापू यांनीही पखवाजच हाती घेतला. बापूंचे नाव पहिल्यांदा ऐकणारा तरुण श्रोता आज लगेच फोन काढतो, शोधाशोध करतो आणि मग विचारतो, "एवढा मोठा वादक, तर मग ढीगभर रेकॉर्डी का नाहीत?" हाच प्रश्न गायकांपैकी अल्लादिया खाँसाहेबांबद्दल, भास्करबुवा बखल्यांबद्दल आणि केसरबाई केरकरांबद्दलही विचारला जातो. विचारणाऱ्याच्या मनात कुचेष्टा नसते. जे मोठे असते ते यादीत सापडते, अशी त्याला सवय लागलेली असते. पाश्चात्त्य पियानोवादकाचे नाव टाकावे तर याद्या संपता संपत नाहीत. कॅनडाच्या ग्लेन गूल्डने कोलंबिया कंपनीसाठी केलेली सगळी ध्वनिमुद्रणे २०१५ साली एकत्र काढली, तेव्हा त्यांच्या ८१ सीडी झाल्या. आपल्याकडच्या कोणत्याही पखवाजवादकाची यादी तिच्या शेजारी ठेवली तर फारच तोकडी दिसेल.

या तोकडेपणाचे अर्थ लोक दोन तऱ्हांनी लावतात. काहींना वाटते, दंतकथाच मोठ्या असाव्यात, वादन तेवढे नसावे. इतरांना वाटते, आपल्या लोकांना कदरच नव्हती. हे दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत, कारण दोन्हींमागे एकच गृहीत आहे: कलावंत जितका मोठा तितके त्याचे ध्वनिमुद्रण जास्त व्हायला हवे. प्रत्यक्षात मैफलीची कारकीर्द आणि तबकडीची कारकीर्द एकमेकींच्या मापाने चालत नाहीत. ज्वारी चाळणीतून खाली पडते ती भोकाच्या मापाने. वर राहिलेला दाणा हलका होता असे कोणी शेतकरी म्हणणार नाही. ध्वनिमुद्रणाच्या चाळणीची भोके कोणी आणि कशी पाडली, हे कळले की वरचा प्रश्न वेगळ्या रीतीने विचारावा लागतो. या प्रकरणात तेच पाहायचे आहे. त्यासाठी पियानोवादकाचे उदाहरण वारंवार घेतले आहे, कारण ध्वनिमुद्रणाची सलग, आखीव कारकीर्द त्याच्या वाट्याला सर्वांत सहज आली.

२. एका तबकडीवरचे दोघे

१९७७ साली अमेरिकेच्या 'नासा' संस्थेने व्हॉयेजर नावाची दोन अंतराळयाने सोडली. प्रत्येक यानावर सोन्याचा मुलामा दिलेली एक तांब्याची तबकडी आहे आणि तिच्यात पृथ्वीवरच्या संगीताचे २७ नमुने आहेत. त्यांतला एक आहे पाश्चात्त्य संगीतकार बाखचा, पियानोवर वाजवलेला प्रिल्यूड आणि फ्यूग. वादक ग्लेन गूल्ड. दुसरा आहे भैरवीतला 'जात कहाँ हो'; गायिका केसरबाई केरकर. भारताचा एवढा एकच नमुना त्या तबकडीवर आहे आणि तो आहे साडेतीन मिनिटांचा. व्हॉयेजर-१ सप्टेंबर १९७७च्या पाच तारखेला सुटले आणि त्याच महिन्याच्या सोळा तारखेला केसरबाई वारल्या.

एकाच तबकडीवर बसलेल्या या दोघांच्या कारकिर्दी मात्र अगदी उलट्या दिशांनी गेल्या. गूल्डने १९५५ साली, बाविसाव्या वर्षी, न्यूयॉर्कमध्ये बाखच्या गोल्डबर्ग व्हेरिएशन्सचे ध्वनिमुद्रण केले आणि तो एकदम प्रकाशात आला. नऊच वर्षांनी, १० एप्रिल १९६४ रोजी, लॉस एंजेलिसला त्याने शेवटचा जाहीर कार्यक्रम केला. वय अवघे ३१. तिथून १९८२ साली मृत्यू येईपर्यंत तो रंगमंचावर परतला नाही. जे काही वाजवले ते स्टुडिओत, मायक्रोफोनसमोर. १९८१ साली त्याने तीच गोल्डबर्ग व्हेरिएशन्स पुन्हा मुद्रित केली. पहिली आवृत्ती ३८ मिनिटांच्या आसपास आहे, दुसरी ५१. काही ठिकाणी त्याने आधी गाळलेल्या पुनरावृत्ती दुसऱ्या वेळी घेतल्या आणि काही ठिकाणी लयच उतरवली. म्हणजे एकाच माणसाच्या एकाच कृतीविषयीच्या विचारात सव्वीस वर्षांत काय बदल झाला, तो आपल्याला शेजारी ठेवून ऐकता येतो. ध्वनिमुद्रणाची कारकीर्द म्हणतात ती ही.

केसरबाई गोव्यातल्या केरी गावच्या, जन्म १८९२चा. अल्लादिया खाँसाहेबांकडे त्यांची खरी तालीम झाली. त्यांची ख्याती मैफलीची. त्यांच्या तबकड्या निघाल्या त्या मोजक्या, तीन-साडेतीन मिनिटांच्या, आणि तबकडीच्या व्यवहाराबद्दल त्यांना फारशी आस्था नव्हती. १९६०च्या दशकात त्यांनीही जाहीर गाणे थांबवले. दोघांनी रंगमंच सोडला तो जवळपास एकाच काळात. पण गूल्डने सोडला तो ध्वनिमुद्रणासाठी, आणि केसरबाईंनी सोडला तेव्हा मागे ध्वनिमुद्रणाची मोठी शिदोरी नव्हती. त्यांचे पूर्ण विस्तारलेले गाणे ऐकलेला श्रोता गेला की ते गाणेही गेले, असेच बहुतांशी झाले.

यावर कोणी म्हणेल, हा तर स्वभावाचा प्रश्न झाला. गूल्ड यंत्रात रमणारा, केसरबाई मानी. याला इतिहास कशाला हवा? स्वभावाचा भाग आहेच, पण तेवढ्याने भागत नाही. पियानोवादकांतही तबकडीला नाक मुरडणारे होते. आर्टुर श्नाबेल हा बीथोव्हेनचा थोर भाष्यकार मानला गेलेला वादक बरीच वर्षे ध्वनिमुद्रणाला तयार नव्हता. तरीही १९३२ ते १९३५ या काळात लंडनला ॲबी रोडच्या स्टुडिओत त्याने बीथोव्हेनचे सगळे ३२ सोनाटा मुद्रित केले. असे पूर्ण काम तोवर कोणी केले नव्हते. उलट आपल्याकडे कितीतरी गवई तबकडीला आनंदाने तयार होते, त्यांनी पुष्कळ तबकड्या दिल्या, आणि तरी त्यांच्या ख्यालाचा पूर्ण आवाका त्यांत उतरला नाही. राजी असूनही गाणे उतरत नाही आणि नाराजी असूनही ३२ सोनाटा उतरतात, तेव्हा कारण कलावंताच्या स्वभावापलीकडे शोधावे लागते.

३. तीन मिनिटांत काय मावते

पहिले कारण घड्याळाचे आहे. मिनिटाला सुमारे ७८ फेरे घेणारी जुनी तबकडी दहा इंचांची असेल तर एका बाजूला तीन मिनिटे आणि थोडे सेकंद मावत. बारा इंची असेल तर चारच्या पुढे. १९०२ साली कोलकात्यात गौहरजानच्या ध्वनिमुद्रणापासून भारतातला हा व्यवसाय रुजला, आणि १९४८ साली अमेरिकेत लाँग प्ले म्हणजे एलपी तबकडी येईपर्यंत हीच मर्यादा जगभर होती. भारतात एलपी रुळायला आणखी दशकभर लागले. मर्यादा सर्वांना सारखी, पण तिचा मार सारखा नव्हता.

हिशेब करून पाहू. विलंबित एकतालाचे बारा मात्रांचे आवर्तन घ्या आणि एका मात्रेला चार सेकंद धरा. एक आवर्तन ४८ सेकंदांचे झाले. म्हणजे तीन मिनिटांत पुरती चार आवर्तनेही बसत नाहीत. अस्थायी एकदा मांडली, एक आलाप घेतला, समेवर आले, की तबकडी संपली. ज्या गायकीचा जीवच मुळी एकेका स्वराला वेळ देत राग उलगडण्यात आहे, तिला या मापात बसवायचे म्हणजे गाण्याची जातच बदलायची. गवयांनी ती बदललीही. लय चढवली, एका बाजूला विलंबिताचा आभास आणि दुसऱ्या बाजूला द्रुत अशी वाटणी केली, तीन मिनिटांचे एक स्वतंत्र, घोटीव शिल्पच तयार केले. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या ऐकताना ते अपुरे गाणे वाटत नाही, ही त्यांची थोरवी. पण ती तबकडीच्या मापाने घडवलेली वस्तू आहे, मिरजेतल्या किंवा पुण्यातल्या रात्रभराच्या मैफलीचा तुकडा नाही.

आता श्नाबेलकडे या. वीस मिनिटांचा सोनाटा म्हणजे चार-चार मिनिटांच्या पाच बाजू. स्वर कागदावर लिहिलेले असल्यामुळे कोणत्या ओळीवर थांबायचे आणि कुठून पुढे उचलायचे हे आधीच ठरवता येते. एक बाजू बिघडली तर तेवढीच पुन्हा वाजवायची. ऐकणारा तबकडी उलटून पुढे ऐकतो. त्याला गैरसोय होते, पण बीथोव्हेनने लिहिलेले सारे स्वर त्याला मिळतात. लिखित संगीताचे तुकडे करून ते पुन्हा जोडता येतात, कारण जोडायचे कुठे हे कागद सांगतो. ख्यालाचे तसे होत नाही. त्यात पुढचा आलाप मागच्यातून, त्या क्षणी, समोरच्या श्रोत्याच्या प्रतिसादातून निघतो. चार मिनिटांनी थांबा, नवी मेणाची थाळी बसवा आणि त्याच मनःस्थितीतून पुढे चालू करा, असे गवयाला सांगणे म्हणजे त्याला दर चार मिनिटांनी नवे गाणे सुरू करायला लावणे.

पखवाजाची गोष्ट या दोन्हींच्या मधली आहे, म्हणून ती मुद्दाम पाहण्यासारखी. चौताल बारा मात्रांचा. मात्रेला एक सेकंद धरला तर आवर्तन बारा सेकंदांचे, आणि तीन मिनिटांत पंधरा आवर्तने होतात. एखादी परण, म्हणजे पखवाजाच्या बोलांची बांधलेली रचना, तिहाईसह तीन-चार आवर्तनांची धरली तर चार परणींत तबकडी भरली. परण बांधलेली असते, पाठ असते, त्यामुळे ती सुटी काढून वाजवता येते. या बाबतीत पखवाजी पियानोवादकाच्या जवळचा. पण स्वतंत्र पखवाजवादनाची उभारणी तशी नसते. आधी ताल स्थिर करायचा, बोल हळूहळू भरत जायचे, लयीचे पदर वाढवायचे आणि त्या चढावर परण आली की ती अंगावर येते. चार परणी तबकडीत बसल्या तरी तो चढ बाहेर राहतो.

४. यंत्राचा कान

दुसरे कारण यंत्राच्या कानाचे. १९२५ पर्यंत ध्वनिमुद्रणात मायक्रोफोन नव्हता. कलावंताने एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचे, त्या हवेच्या धक्क्याने सुई हलायची आणि मेणावर रेघ उमटायची. हा कर्णा मधल्या पट्टीतला आवाज बरा पकडे. फार खालचे आणि फार वरचे त्याला ऐकूच येत नसे. पियानोचे यात हालच झाले. त्याचा सर्वांत खालचा स्वर सेकंदाला साडेसत्तावीस कंपनांचा आणि वरचा चार हजारांवर. एवढा पल्ला कर्ण्याला पेलणारा नव्हता. त्या काळातला पियानो तबकडीवर पातळ, तारेच्या एखाद्या लहान वाद्यासारखा वाजतो. ब्राम्ससारख्या थोर संगीतकाराने १८८९ साली व्हिएन्नात एडिसनच्या यंत्रापुढे आपला हंगेरियन नाच वाजवला. त्या नळकांड्यावर आज खरखरीआड पियानो आहे एवढेच कळते. म्हणजे पियानोची ध्वनिमुद्रणाची खरी कारकीर्द सुरू झाली ती मायक्रोफोन आल्यावर. १९२५ आधी मावळलेल्या पिढीला, तिचे हात कितीही थोर असोत, ती मिळाली नाही.

पखवाजाचे दुखणे याच जातीचे, पण जास्त काळ टिकलेले. डाव्या पुडीवर ओली कणीक लावल्यावर जो घुमारा उठतो तोच या वाद्याचा प्राण, आणि तो खालच्या स्वरांत असतो. कर्ण्याला तो ऐकू येत नव्हता. मायक्रोफोन आला तरी चावीचा ग्रामोफोन आणि लहान स्पीकरचा रेडिओ तो घराघरांत पोचवू शकत नव्हते. उजव्या हाताची टपटप ऐकू येई, डाव्याचा घुमारा वाटेत गळून जाई. अशा अर्ध्या आवाजाच्या तबकडीवरून पखवाज कळला असे मानणाऱ्याने अर्धाच पखवाज ऐकलेला असतो.

वाद्याच्या तबकडीची किंवा रेडिओची कारकीर्द कधी कधी एका हुकुमानेही ठरते. हार्मोनिअम हा पियानोच्याच कुळातला, तशाच काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा, युरोपातून आलेला. पी. मधुकर म्हणजे मधुकर पेडणेकर यांच्यासारख्या वादकाने त्यावर स्वतंत्र वादनाच्या तबकड्या दिल्या. पण १ मार्च १९४०पासून आकाशवाणीने हार्मोनिअमवर बंदी घातली. पट्ट्यांवरचे बारा स्वर पक्के असल्यामुळे मींड आणि श्रुती त्यातून निघत नाहीत, असा आक्षेप होता. १९७१नंतर ही बंदी टप्प्याटप्प्याने सैल झाली, तीही आधी साथीपुरती. आक्षेपात तथ्य किती हा वेगळा वाद. आपल्या मुद्द्यासाठी एवढेच पुरे की या तीस वर्षांत नाटकात, मैफलीत, भजनात हार्मोनिअम एक दिवसही थांबला नाही, उलट बहरला. आणि तेवढ्याच काळात देशातल्या सर्वांत मोठ्या प्रसारण यंत्रणेच्या संग्रहात त्याचे नाव नाही. त्या संग्रहावरून कोणी हार्मोनिअमचा इतिहास लिहायला बसला तर या तीस वर्षांत हे वाद्य देशातून नाहीसे झाले होते असे त्याला लिहावे लागेल.

५. कागद असलेले आणि नसलेले

आता थोडा उलटा विचार करू. श्नाबेलची एकही तबकडी निघाली नसती तर काय बुडाले असते? श्नाबेलचे वादन बुडाले असते, आणि ते मोठे नुकसान झाले असते. पण बीथोव्हेन बुडाला नसता. ३२ सोनाटांचे छापील कागद राहिले असते आणि दुसरा कोणी ते वाजवत राहिला असता. पियानोवादकाची तबकडी ही लिहून ठेवलेल्या कृतीवरचे एक भाष्य असते. कृती तिच्याशिवायही टिकते.

आपल्याकडे काय होते याचे उदाहरण अंबाजोगाईतच आहे. सोळाव्या शतकातले दासोपंत इथलेच. त्यांनी कापडाच्या पासोडीवर लिहिलेला ग्रंथ आजही पाहायला मिळतो. त्यांच्या पदांची संख्या परंपरा सव्वा लाख सांगते. हाती आहेत ती त्या मानाने थोडी, पण त्यांतल्या अनेक पदांवर रागांची नावे आहेत. शब्द टिकले, रागाचे नाव टिकले. दासोपंतांच्या तोंडून तो राग कसा उतरत होता, आजच्या त्याच नावाच्या रागाशी त्याचे किती जमत होते, हे मात्र कोणत्याही कागदावर नाही. तोच प्रकार एकोणिसाव्या शतकातल्या नाना पानसे यांच्या पखवाजाचा. त्यांच्या परणी शिष्यांच्या हाती आणि मुखी पुढे आल्या. त्यांचा हात आला नाही.

यातून एक विरोधाभास पुढे येतो आणि मला तो या सगळ्या विषयातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ज्या संगीताला कागदाचा आधार आहे त्याला ध्वनिमुद्रणाची गरज तुलनेने कमी होती, आणि नेमके त्यालाच ते भरपूर आणि नेटके मिळाले. ज्या संगीतात गाणे हेच एकमेव दफ्तर आहे त्याला गरज जास्त होती, आणि त्याला ते तीन मिनिटांच्या मापाने मिळाले, तेही पंगतीत उशिरा बसवल्यासारखे. अल्लादिया खाँसाहेब १९४६ साली गेले, म्हणजे भारतात ध्वनिमुद्रण सुरू होऊन चव्वेचाळीस वर्षे झाल्यावर. तरी त्यांच्या गाण्याची तबकडी उपलब्ध नाही. भास्करबुवा बखले १९२२ साली गेले. त्यांचेही गाणे मागे राहिले नाही. या दोघांना ऐकायचे तर शिष्यांच्या गळ्यातून अंदाज बांधावा लागतो.

इथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो हलका नाही. गुरुशिष्य परंपरा हाच आपला ध्वनिलेख होता; तबकडी नसल्यामुळेच शिष्याला गुरूजवळ बसावे लागले, घासून शिकावे लागले आणि प्रत्येक पिढीने गाणे आपल्या गळ्याने नवे केले; तबकडी असती तर नकला निघाल्या असत्या. यात सत्य आहे. तबकडीवरून केलेल्या नकला आपण सगळेच ऐकतो. पण हा युक्तिवाद शिष्याला लागू पडतो, श्रोत्याला नाही. बीड, केज, परळी इथला माणूस त्या काळी मुंबईच्या किंवा कोल्हापूरच्या मैफलीला जाणार कसा? १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता, आणि गवयांचे मोठे आश्रयदाते आणि नाट्यगृहे लांब होती. बालगंधर्वांचा गळा इकडच्या घरांत आला असेल तर तो चावीच्या ग्रामोफोनवरून आणि पुढे रेडिओवरून. तबकडीने गाण्याचे नुकसान केले असे म्हणायचा अधिकार ज्यांना मैफल सहज मिळत होती त्यांना असू शकतो. इतरांसाठी तबकडी हीच मैफल होती.

६. विकत कोण घेणार, आणि नाव कोणाचे

ग्रामोफोन कंपनी संग्रहालय चालवत नव्हती, धंदा करत होती. श्नाबेलचे सोनाटासुद्धा तिने धर्मादाय म्हणून काढले नाहीत. बीथोव्हेन सोनाटा सोसायटी नावाने आधी वर्गणीदार जमवले, पैसे हातात आले, मग मुद्रण केले. तेवढे वर्गणीदार जगभरात होते, कारण पियानो मध्यमवर्गाच्या घरात होता आणि तेच सोनाटा वाजवायला शिकणारी मुले होती. आपल्याकडे कंपनीचा गिऱ्हाईक नाट्यपदांचा, भक्तिगीतांचा, ठुमरीचा. पखवाजाच्या स्वतंत्र वादनाची तबकडी काढली तर घेणार कोण? पखवाज ज्याच्या साथीला असे त्या धृपदाला राजाश्रय उरला नव्हता आणि ख्यालाबरोबर तबला बसला होता. मराठवाड्यात पखवाज जिवंत होता तो वारकऱ्यांच्या भजनात, कीर्तनात, हरिनाम सप्ताहात. ज्या गावात देवळात पखवाज रोज वाजतो त्या गावात त्याची तबकडी कोणी पैसे देऊन घेत नाही. जे आसपास मिळत नाही तेच माणूस विकत घेतो. तेव्हा पखवाजाच्या तबकड्या थोड्या निघण्याचे एक कारण त्याची दुर्मिळता नसून त्याची मुबलकता आहे, हे ऐकायला विचित्र वाटले तरी हिशेबाला धरून आहे.

त्यात पखवाजी बहुतेक वेळा साथीला. जुन्या तबकडीचे लेबल पाहा: गायकाचे नाव मोठ्या अक्षरात, रागाचे नाव, फार तर नाटकाचे किंवा कवीचे. तबल्यावर कोण, सारंगीवर कोण, पखवाजावर कोण, हे बहुतेकदा नाही. म्हणजे काही वादकांची ध्वनिमुद्रणाची कारकीर्द झालीच नाही असे नाही. ती झाली, पण निनावी झाली. पियानोवादकाच्या बाबतीत हे क्वचितच घडते, कारण तो मुख्यतः एकटा वाजवतो आणि तबकडी त्याच्या नावावर विकली जाते. त्याच पाश्चात्त्य संगीतात गायकाच्या साथीला बसलेल्या पियानोवादकाचे नाव मात्र जुन्या लेबलांवर बरेचदा गाळलेले सापडते. पखवाज काय, पियानो काय, साथीला बसला की लेबलाबाहेर.

७. आता तर फोन आहे

आज खिशातला फोन तासन्‌तास मुद्रण करतो, खालचा घुमाराही बऱ्यापैकी पकडतो. मग प्रश्न मिटला का? वेळेचा आणि खर्चाचा मिटला; नावाचा आणि जतनाचा आणखी बिकट झाला. फोनमधल्या चित्रफितीला वादकाचे नाव नसते, गाव नसते, तारीखही फोन बदलला की हरवते. आणि त्याआधीचा, १९७०च्या दशकापासूनचा कॅसेटचा काळ तर आपण डोळ्यांदेखत गमावतो आहोत. कॅसेट स्वस्त होती, घरी भरता येत होती, एका बाजूला अर्धा तास किंवा पाऊण तास मावत होता. तीन मिनिटांची बेडी गावोगाव पहिल्यांदा तुटली ती तिच्यामुळे. सप्ताहातली कीर्तने, भजनी मंडळांच्या रात्री, अंबाजोगाईच्या योगेश्वरीपुढची किंवा परळीच्या वैजनाथापुढची हजेरी, हे सगळे कोणाच्या ना कोणाच्या टेपरेकॉर्डरवर भरले गेले. कोणत्याही कंपनीच्या यादीत ते नाही. या जिल्ह्यातल्या पखवाजाचे सर्वांत लांब, सलग ध्वनिमुद्रण मिळायचेच असेल तर ते अशा कॅसेटींतच मिळण्याचा संभव जास्त आहे.

अशी कॅसेट घरात, देवळाच्या पेटीत किंवा भजनी मंडळाच्या कपाटात असेल तर ती फेकू नका. वरच्या कडेच्या दोन लहान प्लॅस्टिकच्या चिपा मोडून टाका, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरे काही भरले जाणार नाही. ऊन, धूळ आणि स्पीकरचे चुंबक यांपासून ती लांब ठेवा. चांगल्या स्थितीतल्या टेपरेकॉर्डरवरून ती संगणकात उतरवून घ्या आणि दाबून लहान केलेल्या फाइलऐवजी पूर्ण आकाराची, वॅव्ह प्रकारची फाइल ठेवा. प्रत दोन ठिकाणी असू द्या. मुंबईत १९९० सालापासून 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था जुन्या तबकड्यांच्या संग्राहकांना आणि अभ्यासकांना एकत्र आणत आली आहे. सल्ल्यासाठी अशा संग्राहकांना विचारता येईल. आणि उतरवण्याआधी, कॅसेट हातात असतानाच, गावातल्या जाणत्या माणसाला ऐकवून एका कागदावर लिहून घ्या: कोणते गाव, कोणते साल, बुवा कोण, पेटीवर कोण, चाल म्हणणारे कोण. पखवाजावर कोण, हे सर्वांत वर लिहा.